जुन्या ट्यूब आणि सीएफएलचा ढीग: फोडू नका, अख्ख्या द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीने जिन्यातल्या आणि पार्किंगमधल्या साठेक ट्यूब काढून एलईडी लावल्या, ते बघून मेंबर लोकांनी घरातल्या मेलेल्या सीएफएल पण आणून टाकल्या, आता गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ढीग पडलाय. भंगारवाला फुकट पण न्यायला तयार नाही, सफाईवाला म्हणतो फोडून पोत्यात भरून द्या मी टाकतो कुठेतरी. त्यात मागच्या आठवड्यात तुमच्या घरात एक सीएफएल फुटली आणि चार वर्षांचा मुलगा त्याच खोलीत होता. एक मेंबर म्हणतात या दिव्यांतला पारा चिमूटभर पण नसतो, कशाला बाऊ करता, दुसरे म्हणतात विष आहे, आजच्या आज बाहेर काढा, एवढं विष होतं तर आणलेच कशाला.

मी पुणे-पिंपरी पट्ट्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सची कामं घेतो, सोसायट्या, हॉस्पिटलं, मंगल कार्यालयं, त्यामुळे असे ढीग बघायची सवय आहे. माझ्या मते दोघांचं भांडण चुकीच्या गोष्टीवर चाललंय. एका दिव्यात पारा किती हा प्रश्न घरात एक दिवा फुटला तर महत्त्वाचा, पण तुमच्या गच्चीवरच्या ढिगाला तो लागू नाही. तिथे प्रश्न हा आहे की हे दिवे कोण फोडणार, कुठे फोडणार आणि फोडताना श्वास कोण घेणार. अख्खी ट्यूब वर्षभर कोपऱ्यात उभी राहिली तरी कुणाला काही करत नाही, पारा आत बंद असतो. काच फुटली की विषय सुरू होतो.

आधी मुलाचं सांगतो, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय.

साध्या घरगुती सीएफएलमध्ये पारा मिलिग्रॅममध्ये असतो, साधारण तीन ते पाच, आणि आपल्याकडच्या ई-कचरा नियमांत ३० वॉटच्या आतल्या सीएफएलला २.५ मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. जुन्या जाड ट्यूबमध्ये याच्यापेक्षा जास्त असायचा. आता ताप बघायचा जुना काचेचा थर्मामीटर घ्या, त्यात साधारण ५०० मिलिग्रॅम किंवा जास्तच पारा असायचा, म्हणजे एका थर्मामीटरमध्ये शंभरच्या वर सीएफएलचा पारा, आणि ते थर्मामीटर आपल्या सगळ्यांच्या लहानपणी घरोघरी फुटलेत. दुसरं म्हणजे दिव्यातला पारा फुटल्या फुटल्या सगळा हवेत जात नाही. दिवा जसा वापरला जातो तसा त्यातला बराचसा पारा आतल्या पांढऱ्या पावडरीत आणि काचेत धरला जातो, थोडा वाफ होऊन लगेच बाहेर येतो आणि उरलेला त्या पावडरीतून, तुकड्यांतून हळूहळू दिवसेंदिवस येत राहतो. म्हणून तुकडे आणि पावडर उचलून खोलीबाहेर काढली की बहुतेक काम झालं, आणि कोपऱ्यात झाडून ठेवली तर काम तसंच राहिलं.

तुम्ही लिहिलंय की खिडकी उघडी होती, बायकोने मुलाला लगेच दुसऱ्या खोलीत नेलं आणि तुम्ही तुकडे कागदाने उचलले. मग घाबरायचं कारण मला तरी दिसत नाही. खोली बंद असती, एसी चालू असता, बल्ब गादीवर किंवा गालिच्यावर फुटला असता आणि मूल तिथेच तास-दोन तास खेळत राहिलं असतं तर मी वेगळं बोललो असतो. पाऱ्याची वाफ श्वासातून गेली तर फुप्फुसात ऐंशी टक्क्यांच्या आसपास शोषली जाते, आणि लहान मुलं जमिनीजवळ असतात, वजनाच्या मानाने श्वास जास्त घेतात, त्यांचा मेंदू अजून वाढत असतो, म्हणून मुलं आणि गरोदर बाई यांच्या बाबतीत जास्त जपायचं. मुलाला खोकला, धाप, अंगावर पुरळ असं काही वाटलं तर डॉक्टरांकडे न्या आणि सीएफएल फुटली होती हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. तोंडात काच गेल्याची नुसती शंका जरी असेल तरी वाट बघत बसू नका, तिथे पाऱ्यापेक्षा काचेचं बघायचं असतं.

पुढच्या वेळेसाठी नीट सांगून ठेवतो, कारण बहुतेक घरांत पहिली धाव झाडूकडे जाते आणि तेच नको असतं. फुटलं की आधी माणसं आणि कुत्रं-मांजर खोलीबाहेर, पंखा-एसी बंद, खिडकी सताड उघडी, आतल्या घराकडचं दार लोटून घ्यायचं आणि पाच-दहा मिनिटं कुणी आत जायचं नाही. मग हातमोजे नाहीतर हाताला प्लॅस्टिकची पिशवी घालून जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काच आणि पावडर सुपलीसारखी उचलायची, बारीक कण चिकटपट्टीने टिपायचे, शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसायची, आणि हे सगळं, पुठ्ठा आणि कागदासकट, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरायचं. लोणच्याची जुनी बरणी चालते. बरणी नसेल तर दोन जाड पिशव्या एकात एक, पण पिशवीतून वाफ थोडीफार झिरपते, बरणी बरी. बरणी घरात ठेवायची नाही, बाल्कनीत किंवा बाहेर सावलीत, मुलांचा हात लागणार नाही अशी. खोली पुढे काही तास उघडी ठेवायची.

झाडू का नको, तर झाडूच्या काड्यांत ती पावडर अडकते आणि मग तोच झाडू स्वयंपाकघरात पण फिरतो. व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको, तो पावडर आत ओढून गरम हवेबरोबर सगळ्या खोलीत उडवतो आणि मशीन कायमचं खराब होतं ते वेगळंच. चादरीवर फुटलं तर चादर वॉशिंग मशीनमध्ये टाकायची नाही, काचेचे कण आणि पावडर थेट लागली असेल तर ती चादर टाकूनच द्या, वाईट वाटतं पण द्या. व्हिडिओत बघून कुणीतरी गंधक शिंपडा म्हणतं, तो उपाय थर्मामीटरमधून सांडलेल्या पाऱ्याच्या थेंबांसाठी ठीक आहे, दिव्याला त्याची गरज नाही, उलट साफ करायला अजून एक पावडर वाढते.

अजून एक गोष्ट घरोघरी ऐकू येते, ट्यूबची काच लागली की जखम भरत नाही. याच्या मागे खरा इतिहास आहे. १९४० च्या दशकात ट्यूबच्या आतल्या पावडरीत बेरिलियम असायचं, त्याने कारखान्यातल्या कामगारांना फुप्फुसाचे आजार झाले आणि जखमेत गेलं तर जखम खरंच चिघळायची. अमेरिकेत १९४९ च्या सुमारास ते वापरणं बंद झालं. आजच्या ट्यूबमध्ये ते नसतं. तरी पण जखम वाहत्या पाण्याखाली चांगली धुवायची, काच आत राहिली नाही ना ते बघायचं आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारायचं, हे कुठल्याही काचेला लागू आहे.

आता तुमच्या दुसऱ्या मेंबरांचा मुद्दा, की एवढं विष होतं तर हे दिवे आणलेच कशाला. हा राग मला समजतो पण यात निम्मीच गोष्ट येते. ट्यूबमध्ये पारा लागतोच, कारण दोन टोकांच्या फिलामेंटमधून करंट गेला की पाऱ्याच्या वाफेतून २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात, ते डोळ्याला दिसत नाहीत, आतली पांढरी पावडर ते घेऊन दिसणारा प्रकाश देते. पारा काढला तर ट्यूब पेटणारच नाही. आणि या पद्धतीने जो प्रकाश मिळायचा तो जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळपास पाव विजेत मिळायचा. ६० वॉटच्या बल्बचं काम १४ वॉटची सीएफएल करायची, रोज पाच तास धरले तर वर्षाला एका दिव्यामागे ८४ युनिट वाचायचे. आपल्याकडे एक युनिट वीज म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका दिव्यामागे वर्षाला साठ किलोच्या आसपास. आणि ती वीज येते कुठून, तर आपल्या राज्यात मोठा भाग चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ अशा कोळशावरच्या केंद्रांतून, आणि कोळशात पण पारा असतो, कोळसा जळताना तो धुरांड्यातून वर जातो. २०१५ साली केंद्राने औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या पाऱ्याला मर्यादा घातली ती त्याच्यासाठीच. म्हणजे पिवळा बल्ब स्वतः बिनपाऱ्याचा असला तरी त्याच्या विजेसाठी पारा कुठेतरी हवेत जातच होता, फक्त तो आपल्या घरात दिसत नव्हता.

त्या काळात सरकारने सीएफएल वाटल्या त्या याच हिशोबाने. २००९ मध्ये बचत लॅम्प योजना आली, पिवळा बल्ब परत द्या आणि १५ रुपयांत सीएफएल घ्या. माझं मत विचाराल तर निर्णय चुकीचा नव्हता, पण वाटताना जेवढी घाई केली तेवढी मेलेला दिवा परत घ्यायची केली नाही, आणि तिथे हिशोब अर्धवट राहिला. कारण सीएफएलचा फायदा पूर्ण तेव्हाच, जेव्हा तिच्यातला पारा परत पकडला जातो. पुढे जानेवारी २०१५ पासून उजाला योजनेत एलईडी आल्या, ३६ कोटींच्या वर बल्ब वाटले गेले, आणि एलईडीत पारा नाही, वीज अजून कमी, त्यामुळे सीएफएलचं काम संपलं. आता तर पाऱ्याबद्दलचा जो आंतरराष्ट्रीय मिनामाता करार आहे, भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली, त्यात आतच चोक असलेल्या घरगुती सीएफएलला २०२५ ची आणि लांब ट्यूबना २०२७ ची शेवटची मुदत ठरलीय. पण दुकानातून गेल्या म्हणजे घरातून गेल्या असं होत नाही. माळ्यावर, जिन्याखाली, शाळांच्या स्टोअररूममध्ये, मंडपवाल्यांच्या गोडाऊनमध्ये जो माल पडलाय तो आत्ता, या पाच-सात वर्षांत बाहेर निघणार आहे. तुमचा ढीग त्यातलाच.

तर त्या ढिगाकडे येऊ. सफाईवाल्याने पोत्यात भरून फोडायचं म्हणजे नेमकं काय होतं बघा. ट्यूबच्या आत हवेचा दाब अगदी कमी असतो म्हणून ती फट्कन फुटते, पांढरा धुरळा उडतो, तो नुसता धूर वाटतो पण ती पारा धरून ठेवलेली पावडर असते. एक फुटली तर काही मिलिग्रॅम, साठ ट्यूब आणि वरच्या सगळ्या सीएफएल एका बंद पत्र्याच्या खोलीत एकापाठोपाठ फोडल्या तर तिथल्या माणसाच्या छातीत जाणारा पारा तुमच्या मुलाच्या वाट्याला आला त्याच्या कितीतरी पट होतो, आणि ऊन लागून पत्रा तापला की वाफ अजून वाढते. त्या माणसाला मास्क दिला असं म्हणू नका, साधा कापडी किंवा धुळीचा मास्क पाऱ्याची वाफ अडवत नाही. पुढे ते पोतं घंटागाडीत जातं, गाडीतल्या दाबयंत्रात उरलेलं फुटतं, मग कचरावेचक बायका ॲल्युमिनियमच्या टोप्या आणि पितळ काढायला ते हाताने चिवडतात. शेवटी डेपोत, आणि डेपोला आग लागली की सगळं हवेत. ज्यांनी ट्यूबचा उजेड कधी वापरला नाही त्यांच्या अंगावर आपला पारा जातो, हे मला कधीच पटलेलं नाही आणि म्हणूनच एवढं लांब लिहितोय.

हवेत गेलेला पारा पावसाबरोबर खाली येतो, तळ्यात, खाडीत जातो, तिथल्या गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल पारा हे आणखी विषारी रूप बनवतात आणि तो माशांत साठत जातो. लहान माशाला मोठा खातो, मोठ्याला त्याहून मोठा, तसतसा वाढत जातो, म्हणून मोरी, कुपा असल्या मोठ्या शिकारी माशांत तो जास्त आणि बोंबील, बांगडा, तारलीत कमी. जपानात मिनामाता गावाजवळ कारखान्याने खाडीत सोडलेल्या पाऱ्याने हेच झालं, १९५६ मध्ये आजार उघडकीला आला, त्याच गावाचं नाव करारालाय. आणि जपानपर्यंत जायचीही गरज नाही, कोडाईकॅनालची थर्मामीटर फॅक्टरी पाऱ्याच्या कचऱ्यामुळे २००१ मध्ये बंद झाली, तिथली जमीन साफ करायचं प्रकरण पुढे वर्षानुवर्षं चाललं. एका सोसायटीचा ढीग म्हणजे कोडाईकॅनाल होत नाही हे मलाही कळतं, पण असे ढीग प्रत्येक वॉर्डात आहेत.

आणि हो, ढीग उघड्यावर असेल तर पोरांपासून जपा. संक्रांतीच्या आधी ट्यूबची काच खलबत्त्यात कुटून मांजाला लावतात, मिरवणुकीत छातीवर, डोक्यावर ट्यूब फोडायचे खेळ होतात, लोक टाळ्या वाजवतात. माझ्या ओळखीच्या मंडळांना मी जिथे जमेल तिथे हे बंद करायला सांगतो आणि जुन्या ट्यूब मागायला आले तर देत नाही. गर्दीच्या मध्ये तोंडासमोर ट्यूब फोडणं यात शौर्य काही नाही, आजूबाजूची लहान मुलं ती पावडर श्वासात घेतात.

आता करायचं काय. उद्याच्या उद्या ढीग गच्चीवरून खाली आणा, तळमजल्यावर थंड, कोरडी, कुलूप लागणारी जागा बघा, पाण्याच्या टाकीजवळची आणि पंपरूममधली नको. नवीन एलईडी ट्यूब ज्या खोक्यांतून आल्या ती खोकी टाकली नसतील तर सोनं आहे, चार फुटी जुनी ट्यूब त्यातच परत बसते. नसतील तर इलेक्ट्रिकल दुकानदाराकडे रिकामी खोकी मागा, बहुतेक देतात. ट्यूब आडव्या, मध्ये वर्तमानपत्र, खोक्याच्या तोंडाला चिकटपट्टी. सीएफएल एका पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदात गुंडाळून. ट्यूब रबरबँडने किंवा सेलोटेपने एकत्र बांधू नका, बांधलेल्या गठ्ठ्यात एक फुटली की शेजारची जाते. आधीच फुटलेल्या असतील त्या वेगळ्या, झाकणाच्या डब्यात. खोक्यांवर मोठ्या अक्षरात ‘पारा असलेले दिवे, फोडू नका’ आणि आकडा लिहा, म्हणजे किती साठले हे पण कळतं आणि वॉचमन बदलला तरी नव्याला कळतं. चोक आणि ट्यूब बसवायच्या पट्ट्या वेगळ्या ठेवा, तांब्याच्या चोकला भंगारवाला पैसे देतो, त्यात पारा नसतो.

मग द्यायचं कुणाला. कायद्यात तुम्ही एकटे नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत सीएफएल आणि ट्यूबलाइट ‘घरगुती घातक कचरा’ म्हणून नावाने लिहिलेल्या होत्या आणि असा कचरा घ्यायला महापालिका-नगरपालिकेने २० चौरस किलोमीटरला निदान एक केंद्र काढायचं असं म्हटलं होतं; १ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आले. ई-कचऱ्याच्या नियमांत, आधी २०१६ चे आणि १ एप्रिल २०२३ पासून नवे, पारा असलेले दिवे वेगळी वर्गवारी म्हणून आहेत आणि दिवे बनवणाऱ्या कंपनीवर ते रिसायकल करून घ्यायची जबाबदारी आहे. प्रत्यक्षात तुमच्या वॉर्डात ते केंद्र चालू आहे का हे गावोगावी वेगळं, म्हणून आधी वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य निरीक्षकाला विचारा, तोंडी नको, सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, आकड्यासकट. लेखी गेलं की उत्तर द्यावं लागतं, निदान माझा अनुभव तसा आहे. पुण्यात असाल तर दारावर येणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना विचारा की ई-कचरा कधी आणि कसा घेतात, पण ट्यूब त्यांच्या हातगाडीत रोजच्या कचऱ्याबरोबर देऊ नका.

दुसरा रस्ता म्हणजे नोंदणीकृत रिसायकलर. इथे एक खाचखळगा आहे जो बाहेरच्या माणसाला माहीत नसतो. ई-कचऱ्याची बहुतेक सेंटर कॉम्प्युटर, फ्रिज, मोबाइल आनंदाने घेतात कारण त्यात तांबं आणि सोनं आहे, दिवे म्हटले की फोन ठेवतात, कारण दिव्यातून निघतं ते मुख्यतः काच, वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त काचच, आणि ती काच कवडीमोलाची. म्हणून फोनवर सरळ विचारा, तुमच्या परवान्यात ‘सीईईडब्ल्यू ५’ आहे का. ही पारा असलेल्या दिव्यांची वर्गवारी. हो म्हटले तर कागद मागा, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीशी ताडून बघा. नाही म्हणणारा बरा, जो ‘द्या सगळं, चालतं’ म्हणतो त्याच्यापासून लांब राहा, तो तुमच्या सफाईवाल्याचंच काम गावाबाहेर नेऊन करेल. खरं युनिट कसं ओळखायचं तर त्यांच्याकडे बंद मशीनमध्ये दिवे फुटतात, आतली हवा कार्बनच्या फिल्टरमधून ओढली जाते, काच, टोप्या आणि पावडर वेगळी होते आणि पावडर तापवून पारा उडवून परत थंड करून पकडतात. बघायला येऊ का विचारा, चांगला माणूस हो म्हणतो.

पैसे लागतील, हे मेंबरांना आधीच सांगा. दिवे विकायचे नसून आपण त्यांची विल्हेवाट लावायला पैसे देतोय. आणि साठ ट्यूबसाठी कुणी टेम्पो पाठवणार नाही किंवा पाठवला तर भाडंच परवडणार नाही, म्हणून आजूबाजूच्या चार-पाच सोसायट्या, जवळची शाळा, मंगल कार्यालय यांना धरून एकच खेप करा. मी हॉस्पिटलचा माल जातो त्याच दिवशी शेजारच्या सोसायट्यांचा पण घ्यायला लावतो, खर्च बराच खाली येतो. माल देताना पावती घ्या, आकडा लिहिलेली, आणि पुढे विल्हेवाटीचा दाखला. हॉस्पिटल, मॉल, मोठं हॉटेल असेल, वर्षात कधीही १००० नग इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरात असतील, तर त्यांना कायद्यानेच नोंदणीकृत माणसाला द्यावं लागतं, सोसायटीला सहसा तेवढं लागत नाही पण पावती असलेली बरी.

गावाकडे असं काहीच जवळ नसेल तर काय, हे पण कुणीतरी खाली विचारेल म्हणून लिहितो. तर ठेवा. खोक्यात, अख्ख्या, माळ्यावर. अख्खा दिवा ठेवायला खर्च नाही आणि धोका नाही, तालुक्याला किंवा शहरात जाणं होईल तेव्हा न्या. फक्त पुरू नका, जाळू नका, विहिरीत आणि ओढ्यात टाकू नका आणि उकिरड्यावर तर नकोच, तो पुढे शेतात जातो.

तुम्ही शेवटी विचारलंय की घराघरांतल्या चालू ट्यूब पण काढून टाकाव्यात का. हे वापरावर आहे. जिन्यातली ३६ वॉटची ट्यूब तांब्याच्या चोकसकट ४६-४८ वॉट खाते, तिथे १८-२० वॉटची एलईडी भागते, रात्रभर बारा तास धरले तर एका ठिकाणी वर्षाला सव्वाशेच्या आसपास युनिट आणि साठ ठिकाणी सात हजारांच्या वर, म्हणून तुम्ही ते बदललं ते चांगलंच केलं. पण ज्या बाथरूमची सीएफएल दिवसातून वीस मिनिटं लागते ती चालू आहे तोवर चालू द्या, तिच्यातला पारा आधीच आलेला आहे, लवकर काढून तो कमी होत नाही. मूल खेळतं त्या खोलीत टेबललॅम्पला उघडी सीएफएल असेल, जी चेंडू लागून फुटू शकते, तर ती मात्र लगेच बदला. आणि जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब टाकताना चोक-स्टार्टर काढून वायरमनकडून नीट वायरिंग करून घ्या, स्वतः टाकून बघू नका, काही एलईडी ट्यूबना एकाच टोकाला करंट लागतो आणि जुन्या जोडणीत शॉर्ट होतो.

अजून एक, खोकी भरताना मेंबरांना हे पण विचारा. पाण्याच्या फिल्टरमधली यूव्ही ट्यूब, सर्व्हिसवाला बदलून जुनी घरातच ठेवून जातो ती, त्यात पारा असतो, ट्यूबलाइटचंच ते भावंड, फक्त आत पांढरी पावडर नाही आणि काच वेगळी, म्हणून किरण बाहेर पडतात. हॉटेलात निळ्या उजेडाची माशा मारायची मशीन असते तिच्या ट्यूब, पार्किंगच्या खांबावरचे जुने मर्क्युरी आणि सोडियमचे दिवे, पहिल्या पिढीचे एलसीडी टीव्ही, ज्यांच्या पडद्यामागे बारीक ट्यूब असतात, आणि देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात पडलेला काचेचा थर्मामीटर. रिसायकलरला फोन करताना या सगळ्याचा आकडा एकत्र सांगा, कारण दर आणि गाडी त्यावरच ठरते, आणि थर्मामीटर वेगळा सांगा, तो दिव्यांच्या मशीनमध्ये घालत नाहीत.